एचडीआर करतोयस? आधी ट्रायपॉड बाहेर काढ

एचडीआर म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून उजळ आणि काळोखे दोन्ही भाग नीट दिसणारा एक फोटो करणं. त्याचं निम्मं काम शटर दाबतानाच होतं. ट्रायपॉडवरून, रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये), एक्स्पोजर (फोटोतला उजेड) −२, ०, +२ स्टॉप ठेवून तीन फोटो काढ. बदलायचा तो फक्त शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते. ॲपर्चर (लेन्सचं भोक) बदललंस तर डेप्थ ऑफ फील्डही (किती खोलीपर्यंत फोटो स्पष्ट दिसतो ती) बदलते आणि फोटो नीट जुळत नाहीत.

लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही निवडून एचडीआर मर्ज कर. वाऱ्याने हललेली पानं दुहेरी दिसली तरच डीघोस्ट लाव, तेही कमीत कमी. मग हायलाइट्स (उजळ भाग) खाली, शॅडोज (काळोखे भाग) थोड्या वर. काळोख्या कोपऱ्यात काळोख राहिला तर राहू दे की!

क्लॅरिटी (कडा आणि बारकावे ठळक करणारा स्लायडर) मात्र जपून. सुरुवातीला मी ती सरळ १०० वर न्यायचो. छपराच्या कडेला आभाळात पांढरट झालर उमटायची आणि मला तीच भारी वाटायची. आता झूम करून आधी ती कड तपासतो.