तुझा पक्षकार कोण?

प्रिय वकीलसाहेब,

(कोर्टात तुला अजून कुणी असं म्हणत नाही, म्हणून मी म्हणते.)

तुझा मेसेज वाचला, सोबतचा जमिनीच्या मालकीचा शोध अहवालही. शेवटच्या पानावर ‘सदर मिळकत निर्वेध, निजोखमी व बिनबोजाची आहे’ हे वाक्य टाईप करून ठेवलंयस आणि खाली सही केलेली नाहीस. सही करायला हात धजला नाही, यावरून माझ्या ऑफिसात नुसता चहा प्यायला नव्हतास एवढं कळलं.

प्रकरण मला समजलं ते असं. मुळशी तालुक्यातली जमीन, सातबारा आज तीन भावांच्या नावे. वडील गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा दोन्ही बहिणींची नावं सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात लागली आणि पुढच्या एका फेरफाराने ‘हक्क सोडल्याबाबत जबाब दिला’ म्हणून कमी झाली. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेच नाही. विकसकाला मिळकत निर्वेध असल्याचा दाखला आठ दिवसांत हवाय. दिलास तर प्रकल्पातल्या सगळ्या फ्लॅटचे करारनामे तुझ्याकडे, शिवाय घेणाऱ्यांचंही काय ते तूच बघ, असं एजंट म्हणाला. आणि तू मला विचारतोस, ‘मॅडम, संबंध न बिघडवता नाही कसं म्हणू?’

तो प्रश्न नंतर. आधी मला सांग, यात तुझा पक्षकार कोण?

कायदा तुला येतो, उजळणी घेत नाही. जबाबाने स्थावरातला हक्क सुटत नाही, त्याला १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ आडवं येतं. फेरफार ही महसुलाची नोंद. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात, पण तिच्यातून मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. विकसकाचा दुसरा कुणी वकील तुला सांगेल की ही तोंडी कौटुंबिक व्यवस्था होती आणि ती चालते. चालते, सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच तसं म्हटलंय. पण ती झाली होती हे साक्षीपुराव्याने शाबीत करायचं असतं आणि ते काम कोर्टाचं. शाबीत झाल्यासारखं धरून दाखला देणारा तू कोण? जमीन वडिलोपार्जित निघाली तर मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क देणारी हिंदू वारसा कायद्याची २००५ ची सुधारणा आणि तिच्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. वडिलांच्या स्वकष्टाची निघाली तर त्याच कायद्याने १९५६ पासूनच मुलगी पहिल्या वर्गाची वारस. कुठूनही गेलास तरी बहीण वाटेत उभीच आहे.

म्हणजे अहवालात काय लिहायचं हे तुला आधीपासून माहीत होतं. तू अडलास ते पैसे कोण देतंय, ओळख कुणाची, पुढचं काम कुणाच्या हातात, यात. आमच्या या धंद्यात माणसं याच ठिकाणी हरवतात. आपल्याकडे एकच वकील साठेखताचा मसुदा करतो, देणाऱ्यालाही तोच समजावतो, घेणाऱ्यालाही तोच, फी एजंटच्या खिशातून येते, आणि दुय्यम निबंधकाच्या दारात सगळे त्याला ‘आपले वकील’ म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. दावा लागला की त्यातला एकही म्हणत नाही.

एका व्यवहारात एकच पक्षकार. आणि तो कागदावर लिहिलेला. मी हे इतक्या वेळा म्हटलंय की माझे जुने ज्युनियर माझी नक्कल करताना हेच वाक्य घेतात. करू देत.

आता तुझ्यापुरतं. तुझा पक्षकार विकसक. मग त्याचं भलं कशात आहे ते बघ. रेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याच्या, कलम १८ चं दुसरं पोटकलम पुन्हा वाच. मालकीहक्कात दोष निघून फ्लॅटवाल्याचं नुकसान झालं तर प्रवर्तकाने, म्हणजे विकसकाने, भरपाई द्यायची, आणि त्या मागणीला मुदतीचा कायदा आड येत नाही. दाखला आठ दिवसांत हवा म्हणणारा हा माणूस पुढे कधीही त्या दोन बहिणींपायी कोर्टात उभा राहू शकतो. हे त्याला सांगणारा वकील त्याचा. न सांगणारा एजंटचा. आणि तुझा अहवाल महारेराच्या संकेतस्थळावर तुझ्या नावानिशी चढतो, हेही ध्यानात असू दे. विकसकाला दिलेला कागद म्हणून तो फाइलमध्ये झोपून राहत नाही.

फ्लॅट घेणाऱ्यांचं काम मात्र घ्यायचं नाही. ‘दोन्हीकडचं बघतो’ म्हटलं की फी दुप्पट दिसते, मला ठाऊक आहे. करारातल्या ताब्याच्या तारखेवर ग्राहक तुझ्याकडे सल्ला मागेल तेव्हा काय सांगशील? तारीख तूच विकसकासाठी सैल लिहिलेली असेल.

बँकेच्या पॅनेलवर गेलास तरी हाच प्रश्न. फी कर्जदार भरतो, चहा बांधकामवाला पाजतो, पण अहवाल बँकेला द्यायचा. पॅनेलवरच्या एका वकिलाने गृहकर्जासाठी दिलेल्या मतांवरून त्याला थेट कटातला आरोपी केलं होतं. उच्च न्यायालयाने त्याच्यावरची कारवाई रद्द केली, आणि त्यावरचं सीबीआयचं अपील २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं. कटात सामील असल्याचा पुरावा हवा, नुसत्या चुकीच्या मतावरून वकील गुन्हेगार ठरत नाही, असं म्हटलं. आमच्या बाररूममध्ये हा निकाल लोक फार खुशीत सांगतात. मला त्यात एवढंच दिसतं की त्या माणसाची सुटका पक्की व्हायला प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं.

आता माझी एक गोष्ट सांगते, कारण ती तुला दुसरीकडून ऐकू येईलच आणि तिखटमीठ लावून येईल.

मी तेव्हा बऱ्यापैकी चालत होते. एका मोठ्या जमीन खरेदीत घेणाऱ्याच्या बाजूने होते आणि नेमकं तुझ्यासारखंच, बहिणींचं हक्कसोडपत्र बाकी होतं. भावांनी थोरल्या बहिणीला जीप करून नोंदणी कार्यालयात आणलं. टोकन लागलं होतं, फोटो निघायचा होता, अंगठ्याच्या मशीनसमोर ती उभी. तिथून ती वळली आणि घोळक्यात मीच एक बाई दिसले म्हणून माझ्याकडे आली. म्हणाली, ‘ताई, करू का सही?’

काय उत्तर द्यायचं असतं? ‘करा’ म्हटलं तर मी तिला सल्ला दिला, आणि तो माझ्या पक्षकाराच्या फायद्याचा. ‘करू नका’ म्हटलं तर ज्याची फी घेतली त्याच्या विरोधात गेले. मी म्हटलं, ‘मावशी, मी तुमची वकील नाही, समोरच्याची आहे. तुमचा वकील करा, त्याला विचारा आणि मग या.’ ती परत जीपमध्ये जाऊन बसली. त्या दिवशीचा व्यवहार मोडला. घेणारा माझा जुना स्नेही होता, घरी येणंजाणं होतं. त्याने पुन्हा मला काम दिलं नाही, मुलाच्या लग्नाची पत्रिकाही पाठवली नाही. पत्रिकेचं मला कामापेक्षा जास्त लागलं, ते अजून लागतं.

आता पुढचं ऐक. दुसऱ्या वकिलाने थोड्याच दिवसांत तिची सही घेतली. तिथे आज इमारत उभी आहे, गॅलऱ्यांत कपडे वाळत असतात. दावा झाला नाही, बहीण भांडली नाही. उद्या कुणी तुला म्हणेल की मॅडमनी उगाच खोडा घातला, तर घटना म्हणून ते खरंच आहे. माझ्या म्हणण्याला पुढे काही घडून पाठिंबा मिळाला नाही. तरीही मी आज तिथे उभी असते तर तेच बोलले असते. दावा होणार की नाही यावर मी उत्तर बेतलेलं नव्हतं. तिने विचारलं होतं आणि मी तिची नव्हते, एवढीच गोष्ट होती. खरं तर माझ्या स्नेह्याच्याही हिताचं मी केलं होतं. सल्ला मिळूनही तिने सही केली म्हणूनच त्याचं हक्कसोडपत्र भक्कम झालं असेल, असं मला वाटतं. तो हे कधी मानणार नाही. असो, हे मी तुला का पटवून देत बसले?

माझ्याबरोबर सनद घेतलेल्यांची ऑफिसं आज काचेची आहेत. माझं अजून जिना चढून यावं लागतं आणि लिफ्ट नाही म्हणून म्हातारे पक्षकार कुरकुरतात. पण येतात. मुलांना, सुनांना घेऊन येतात. वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे, एजंटबरोबर फी वाटून घ्यायलाही बंदी आहे, मग आपल्याला काम येणार कुठून? कुणाच्या तरी तोंडून. ‘तिने आम्हाला घेऊ नका म्हणून सांगितलं होतं’ या वाक्यावर माझं निम्मं ऑफिस चाललंय. नाही म्हटलेले लोक परत येतात, मात्र लगेच येत नाहीत. मधल्या काळात भाडं कसं भरायचं याचं उत्तर माझ्याकडे चांगलं नाही. मी क्लासमध्ये शिकवलं आणि नवऱ्याचा पगार होता. तुला तो आधार नाही, हे मी विसरलेले नाही. म्हणून सोसायट्यांची मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करून घेण्याची, कामं घे. कंटाळवाणी असतात, समितीतले काका रोज फोन करतात, पण पैसे सरळ येतात आणि त्यात पक्षकार कोण हे कुणी गोंधळवू शकत नाही.

बाकीच्या सवयी तुला लावल्यात. मूळ दस्त हातात घेतलास की यादी करून पोच द्यायची, परत करताना पोच घ्यायची. नोंदणी कार्यालयातल्या जुन्या दस्तसूचीची पानं फाटलेली असतील तर ‘पाने फाटलेली, शोध होऊ शकला नाही’ असंच लिहायचं. हस्तलिखित सातबारा आणि मोडीतले फेरफार वाचून घेतल्याशिवाय मत नाही. आणि जमिनीवर जाऊन यायचं, बांधावरच्या शेजाऱ्याशी बोलायचं. तू मुळशीला गेलायस का? अहवालात चतुःसीमा अगदी दस्तातल्यासारख्याच उतरल्यात, त्यावरून गेलेला दिसत नाहीस. याचा मला राग आला, तो त्या निर्वेधच्या वाक्यापेक्षा जास्त.

तर सोमवारी असं कर. विकसकाला थेट पत्र लिही, एजंटमार्फत नको. पहिल्या ओळीत लिही की या व्यवहारात मी फक्त आपला सल्लागार आहे, जमीनमालकांचा किंवा सदनिका घेणाऱ्यांचा नाही. मग दोन बहिणींचा मुद्दा, फेरफार क्रमांकासह. त्याखाली उपाय: एकतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र, नाहीतर विकसन करारात दोघींना लिहून देणार, म्हणजे जमीन देणाऱ्या पक्षात सही करणाऱ्या, म्हणून घ्यावं आणि त्यांचा मोबदला त्यांच्याच नावच्या धनादेशाने द्यावा. भावांच्या खात्यात टाकून ‘ते देतील’ हे चालणार नाही. दोघींनी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतल्याचं कलम मसुद्यात घाल. नुसता ‘दोष आहे’ असा निरोप दिलास तर तो दुसऱ्या वकिलाकडे जाईल. दोषाबरोबर वाट दिलीस तर कदाचित जाणार नाही. गेला तर जाऊ दे.

तो फेरफार आणि त्यामागचा मूळ जबाब तहसीलच्या अभिलेख कक्षातून साक्षांकित प्रतीत मागव. दोघींच्या सह्या खरंच आहेत का, की एकाच शाईतले एकाच हाताचे दोन अंगठे आहेत, ते डोळ्यांनी बघ. ती प्रत आली की मला दाखव. त्याआधी अहवालाचा नवा मसुदा पाठवलास तर मी वाचणार नाही.

तुझी,
मॅडम