सौरपंप बसवण्याआधी

भाऊ, सौरपंपाचा अर्ज भरतोयस, फार बरं वाटलं. रात्री लाइन येईल म्हणून वावरात जागायचं संपेल. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी असा सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेचा हिशेब आहे. पंपाच्या किमतीत आपला हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५. पण आधी विहिरीचं पाणी मे महिन्यात किती खोल जातं ते मोज.

आता जे कोणी सांगत नाही ते ऐक. पॅनलची क्षमता २५ अंशावर मोजलेली असते. आपल्याकडे पारा ४५ ला गेला की पॅनल ६५ च्याही वर तापतं, आणि दर अंशामागे साधारण ०.४ टक्के वीज घटते. म्हणून खालून वारा खेळू दे, तिथे कपाशीच्या पऱ्हाट्या रचू नको. तोंड दक्षिणेला, कल साधारण २० अंश. धूळ पहाटेच धू. भर दुपारी गार पाणी मारून माझी एक काच तडकली होती, अजून जीव हळहळतो.

अर्थिंग आणि वीजरोधक (आभाळातल्या विजेपासून वाचवणारं साधन) डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कागदावर सही करू नको. जूनमधल्या विजा तुला माहीतच आहेत. जमलं तर ठिबक जोड, ढगाळ दिवसाचं थोडं पाणीही पुरतं.