फ्रेंच लेखिकांच्या कादंबऱ्यांतला बाप नेहमी जुलमीच का असतो?

नेहमी नसतो. पण वर्गात तसं ठोकून शिकवतात. याच मुद्द्यावर एम.ए.ला असताना माझं सरांशी चांगलंच वाजलं होतं, म्हणून लिहितेय.

सेमिनारचा विषय ‘बापाची सत्ता’. सरांना मनोविश्लेषणवाला फ्रॉइड हवा होता, मी घेतलं फ्रेंच लेखिका आनी एर्नोचं ‘ला प्लास’ (1983). त्यातले वडील, म्हणजे एर्नोचे स्वतःचेच, फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या इव्तो गावात कॅफे आणि किराणा दुकान चालवतात. एका रविवारी बापलेक गावच्या वाचनालयात जातात. उंच काउंटरमागे दोन माणसं. वडील गप्प, ‘पुस्तकं हवी होती’ हे पोरीनंच म्हणायचं. कुठली, असं विचारल्यावर दोघंही अडकतात, कारण नाव ठरवून यायचं असतं हेच ठाऊक नाही. शेवटी तिथलाच माणूस निवडून देतो : तिला मेरिमेचं पुस्तक, वडिलांना मोपासाँचं. पुन्हा ते तिकडे फिरकत नाहीत. एवढं वाचून दाखवलं तर सर म्हणतात, “यात सत्ता कुठाय?” अहो, नाहीये, तेच तर सांगतेय! मार्क कापले ते कापलेच.

कायद्यानं बाप राजा होता, हे खरं. नेपोलियनच्या 1804 च्या दिवाणी संहितेनं मुलांवरचा अधिकार त्याच्या हाती दिला. आईचा बरोबरीचा वाटा मान्य झाला थेट 1970 साली. पण फ्रांस्वाज सागाँचं ‘बाँजूर त्रिस्तेस’ बघा, 1954 चं. बाप रंगेल विधुर, आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडायची सूत्रं हलवते सतरा वर्षांची मुलगी. कोलेतनं ‘सिदो’त लिहिलंय, वडील गेल्यावर त्यांचे शीर्षकं घालून बांधलेले खंड उघडले तर आत जवळजवळ सगळी पानं कोरी. यात जुलूम कुठे शोधणार?

निबंधासाठी विचारत असाल तर फ्रॉइड नंतर वाचा. आधी बाप कमावतो काय आणि चारचौघांत त्याला बोलता येतं का, ते बघा. गाइड काहीही म्हणोत.

हां, जुलमी बाप नाहीतच असं नाही. क्रिस्तीन आंगोच्या पुस्तकांत बापच मुलीवर लैंगिक अत्याचार करतो, तिथं माझं हे म्हणणं टिकत नाही. एर्नोचेच वडील 1952 च्या जूनमध्ये आईच्या जिवावर उठले होते, ते तिनं ‘ला ओंत’मध्ये (1997) लिहिलंय. शिवाय ‘ला प्लास’ ही कादंबरी नाही, ते ती स्वतःच सांगते. सरांनीही हा मुद्दा काढला होता. पण मग निदान सागाँ तरी सेमिनारच्या वाचनयादीत हवी होती ना? तीही नव्हती.