गुआर्दात राहायचं की श्कुओलमध्ये?

ताई, तुमच्या यजमानांची नोकरी स्वित्झर्लंडमधल्या श्कुओलमध्ये ठरलीय, मुलगी सहा वर्षांची आहे आणि राहायला तुम्हाला जवळचं छोटं गुआर्दा गावच हवंय, असं तुम्ही लिहिलंत. आम्ही श्कुओलमध्येच राहतो, म्हणून स्पष्ट सांगते: पहिला हिवाळा इथे काढा आणि तोवर गुआर्दात भाड्याचं घर शोधत राहा.

कागदोपत्री दोन्ही एकच. गुआर्दाची स्वतंत्र गेमाइंडे, म्हणजे आपली ग्रामपंचायतच म्हणा, 1 जानेवारी 2015 ला श्कुओलमध्ये विलीन झाली. आर्देझ, फ्तान, सेंट आणि ताराश्प ही शेजारची गावंही तेव्हाच आली. राहायला आल्याची नोंदणी पोचल्यापासून 14 दिवसांत, तीही यजमान कामावर रुजू होण्याआधी. आरोग्य विमा तीन महिन्यांच्या आत, मुलीचासुद्धा वेगळा.

अडचण घरांची आहे. गुआर्दा साधारण 1,650 मीटर उंचीवर, वस्ती दोनशेच्याही आत, त्यात काही घरं फक्त सुट्टीत उघडतात. रेल्वे स्टेशन खाली, वर यायला पोस्टाची पिवळी बस. शेवटची बस किती वाजता, हे घर बघण्याआधी बघा.

पण तुमचा हट्ट मला पटतो. 1622 मध्ये ऑस्ट्रियन सैन्यानं या खोऱ्यातली गावं जाळली; आजची बरीचशी जुनी घरं त्यानंतरची. भिंतीला गडद गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा हात, आणि तो ओला असतानाच खरवडून काढलेली फुलं, लाटा, वचनं. याला स्ग्राफितो म्हणतात. कमानीचं दार इतकं रुंद की गवताची गाडी घरातूनच मागच्या कोठारात जायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वास्तुविशारद इयाखेन उलरिक क्योंत्स यांनी गावाची नीट डागडुजी केली आणि 1975 मध्ये गावाला वाकर पुरस्कार, म्हणजे जुना वारसा जपल्याबद्दलचा स्विस पुरस्कार, मिळाला. या घरांत माणसं राहतात, म्हणून ती टिकलीत. तुम्हीही बाहेरच्या भिंतीला खिळा ठोकायचा तर आधी विचारा. सवड मिळाली की आर्देझला आदम-हव्वा रंगवलेलं घर आणि ताराश्पचा किल्ला मुलीला दाखवा.

शाळा रोमान्श या इथल्या भाषेतून, तिच्या वालादेर बोलीत. मुलीचं वय त्यासाठी उत्तम आहे. 1 मार्चला, चालांदामार्झच्या सणाला, मुलं गळ्यात घंटा अडकवून हिवाळा पळवायला गावभर फिरतात, तिलाही घेतील. जर्मन तुम्हा दोघांना लागेलच, पण रस्त्यात भेटलेल्याला ‘अल्लेग्रा’, म्हणजे इथला नमस्कार, म्हणायला पहिल्या दिवसापासून लागा. वर्ग कुठल्या गावात भरतो आणि मुलं तिथे कशी जातात, हे मात्र घराच्या करारावर सही करण्याआधी शाळेला पत्र लिहून विचारून घ्या.