धावण्याची वही: पहिले सहा आठवडे

उपवन तलावाभोवती धावायला लागलास, फार बरं वाटलं. नोंदींसाठी महागडं घड्याळ आत्ताच घेऊ नकोस. शंभर पानी वही पुरे.

सध्या तीनच गोष्टी लिही: किती मिनिटं धावलास, धावताना बोलता येत होतं का आणि रात्री झोप किती झाली. त्यातली मधली सगळ्यात महत्त्वाची. अख्खं वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. दोन शब्दांत धाप लागली तर सरळ चालायला लाग.

माझ्या जुन्या वहीतल्या एका पानावर पावसाने शाई फुटलीय, तरी ‘डावी पोटरी, सकाळपासून’ एवढं वाचता येतं. लिहिलं होतं, पण मागे वळून वाचलं नाही. पुढचे तीन आठवडे घरी बसावं लागलं. म्हणून दर रविवारी आठवड्याची पानं वाचच.

नवे लोक हमखास इथे चुकतात:

- चुकलेला दिवस कोरा सोडतात. ‘नाही गेलो, पाऊस’ असं लिही.
- रोज वजन करून खचतात. शरीरातल्या पाण्यामुळे ते किलोभर सहज हलतं. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी बघ.
- ऑक्टोबरच्या उकाड्यातला वेग जानेवारीशी ताडून बघतात.

येऊरच्या डोंगराचा चढ, नाडीचे ठोके मोजणं वगैरे दिवाळीनंतर.