उसाच्या गाड्या आणि लॉस एंजेलिसचा अर्ज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या अर्जातल्या निवेदनाचा मसुदा दोनदा वाचला. एकदा चहा पिताना, मग लाल पेन घेऊन. पहिलं वाक्य 'लहानपणापासून मला गणिताची आवड आहे' आणि तिसऱ्या ओळीत रामानुजन. दोन्ही काढ. आवड नसती तर तू अर्ज कशाला भरला असतास? आणि रामानुजन बिचारा भारतातून जाणाऱ्या किती अर्जांत राबत असेल!

आधी तू कुठे जायचं म्हणतेस ते नीट समजून घे. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात २००० साली गणिताची एक संस्था सुरू झाली, आयपॅम. पुढच्याच वर्षीपासून तिथे 'रिप्स' हा उन्हाळी उपक्रम चालतो. पदवीच्या मुलांचे चार-चार जणांचे गट करतात आणि प्रत्येक गटाला एखाद्या कंपनीचा किंवा सरकारी खात्याचा खरा प्रश्न देतात. अवकाश क्षेत्रातल्या एरोस्पेस कॉर्पोरेशनने तिथे प्रश्न दिलेत, लॉस एंजेलिसच्या पोलिसांनीही दिलेत. गटाला एक मार्गदर्शक विद्यापीठाच्या बाजूने, एक कंपनीकडून. नऊ आठवडे काम, मध्यावर सादरीकरण, शेवटी पुन्हा सादरीकरण आणि सविस्तर अहवाल. राहायची सोय आणि मानधन मिळतं. घरी आबांना हे एवढं सांगितलंस तरी पुरे.

आता त्यांना कोण हवं असतं? तू समजतेस की सगळ्यात जास्त गणित येणारा. मलाही तसंच वाटायचं. शिकवायला लागण्याआधी मी पुण्यात एका कारखान्यात अकरा वर्षं काढली. पहिल्याच महिन्यात साहेबांनी सांगितलं, पत्रा कापताना भंगार फार निघतंय, कमी करून दे. मी रेषीय प्रोग्रामिंग (अटी सांभाळून कमीत कमी खर्च काढायचं गणित) लावलं आणि भंगार कागदावर जवळजवळ निम्म्यावर आणलं. मशीनवरच्या मामांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "साहेब, ह्या हिशोबात दिवसातून चौदा वेळा सेटिंग बदलायला लागतंय. एका सेटिंगला वीस मिनिटं जातात. आणि ज्याला तुम्ही भंगार धरलंय ना, त्यातले मोठे तुकडे आम्ही दुसऱ्या दिवशी वापरतो." उत्तर बरोबर होतं, प्रश्नच वेगळा होता. उद्योगातला प्रश्न पाठ्यपुस्तकासारखा 'सिद्ध करा' म्हणून येत नाही. तो 'भंगार फार निघतंय' असा येतो. त्यात गणित कुठे आहे ते शोधण्यातच नऊपैकी दोन-तीन आठवडे सहज जातात. त्या काळात जो डोकं शांत ठेवतो, माणसांना विचारत राहतो आणि गटातल्या बाकी तिघांना सांभाळून घेतो, तो त्यांना हवा असतो.

आणि हे तू केलेलं आहेस! म्हणून तर मला तुझ्या मसुद्याचा राग आला. गेल्या गळीत हंगामात तू साखर कारखान्याच्या वजनकाट्याजवळ दोन रात्री वही घेऊन बसलीस, ते अर्जात एका ओळीत उरकलंयस: 'रांगेच्या सिद्धान्तावर प्रकल्प केला.' अगं, असे प्रकल्प ढिगाने होतात. तुझा कसा झाला ते लिही.

म्हणजे असं: गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथे, साधारण चार मिनिटांना एक गाडी रिकामी होते. म्हणजे दिवसाला ३६० गाड्यांची सोय, आणि येतात सव्वातीनशेच्या आसपास. पुस्तकातलं सूत्र लावलंस तर सरासरी थांबणं आलं ३६ मिनिटं. वहीत निघालं सात तास. तू आधी बेरीज तपासलीस, मग कोड तपासलास, मग रडकुंडीला येऊन माझ्याकडे आलीस. मी काहीच सांगितलं नाही (खरं तर मलाही पटकन सुचलं नव्हतं). चार दिवसांनी तुझ्या आबांनीच जेवताना सांगितलं, की टोळ्या पहाटे फडात शिरतात, मोळ्या बांधून ट्रॉल्या भरायला दुपार होते, आणि तिथून सगळ्या गाड्या एकदमच निघतात. सूत्र धरून चाललं होतं की गाड्या दिवसभर सारख्याच दराने येतात. त्या येतात दुपारी तीन ते रात्री अकरा. त्या आठ तासांत गव्हाण एकशेवीस गाड्या घेते, उरलेल्या दोनशे तळावर. मग सात तास का होणार नाहीत? तोडलेला ऊस उभ्या ट्रॉलीत वाळतो, वजन घटतं, साखर उतरते, ते वेगळंच.

तुझ्या निवेदनाचा मधला भाग हाच. जसा घडला तसा, ३६ मिनिटांच्या चुकीसकट. मुलं चूक लपवतात आणि शेवटचा सुबक आलेख तेवढा दाखवतात. वाचणाऱ्याला कळायला हवं की तुझं मॉडेल कोसळलं तेव्हा तू काय केलंस. गव्हाण म्हणजे काय, टोळी म्हणजे काय, ते एकेका वाक्यात समजावून सांग. तेवढं लांबलं तरी चालेल. शेवटी आबांचं श्रेय आबांना दे.

प्रोग्रामिंगचं. पायथन येतं, तेवढंच लिही. सी++ चं एका सत्राचं प्रात्यक्षिक झालं म्हणून 'येतं' लिहू नकोस, पहिल्याच आठवड्यात उघडं पडेल. लाटेक्स मात्र जाण्याआधी हाताखालचं करून घे, गणिताचे अहवाल त्यातच लिहितात. गुणपत्रिका जशी आहे तशी पाठव. दहापैकी आठ पूर्णांक एक म्हणजे चारपैकी किती, असला हिशोब स्वतःहून करत बसू नकोस. दुसऱ्या सत्रात विश्लेषणात कमी पडलेत, त्याबद्दल सफाई द्यायची गरज नाही.

शिफारसपत्रांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे आपली मुलं हमखास मार खातात. 'विद्यार्थिनी प्रामाणिक, कष्टाळू व सुस्वभावी आहे' हे पत्र आपल्याकडे विभागप्रमुखाच्या सहीने निघतं आणि त्यातून तिथल्या माणसाला काहीही कळत नाही. मी स्वतः हे पाप केलंय. एका वर्षी घाईत दोन मुलांना एकच पत्र दिलं, नाव बदलून. एकाच्या पत्रात तिसऱ्या परिच्छेदात दुसऱ्याचं नाव तसंच राहिलं. पत्र थेट तिकडे गेलेलं, त्यामुळे मुलाला आजवर ठाऊक नाही. तर, विभागप्रमुखांना नमस्कार कर, पण पत्र मागू नकोस. एक मी देतो, मी तुला अडलेली पाहिलंय. दुसरं संगणक प्रयोगशाळेतल्या मॅडमकडून घे. चौघींच्या गटात दोघी भांडून बसल्या होत्या तेव्हा तू काम कसं पुढे नेलंस ते त्यांना माहीत आहे. त्यांना तीन आठवडे आधी सांग आणि निवेदनाची प्रत दे. आदल्या रात्री फोन नको.

अंतिम तारीख फेब्रुवारीच्या आसपास असते. यंदाची नेमकी तारीख आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे नियम आयपॅमच्या सूचनेत स्वतः वाच, माझ्या आठवणीवर जाऊ नकोस. आपली उन्हाळ्याची सुट्टी एप्रिल-मेची, त्यांची जून ते ऑगस्ट, म्हणजे आपलं पुढचं सत्र सुरू झालेलं असेल. प्राचार्यांशी आत्ताच बोलून ठेव. पासपोर्टसाठी उद्याच अर्ज कर, पोलीस पडताळणीला गावात किती दिवस लागतील सांगता येत नाही. निवड झालीच तर व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जावं लागेल, तिथे माझी बहीण जवळच राहते.

आणि हो, सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नकोस. २०२५ च्या जुलैअखेरीस अमेरिकन सरकारने यूसीएलएची संशोधन अनुदानं अडवून ठेवली, त्यात आयपॅमचंही होतं. ऑगस्टमध्ये न्यायालयाच्या आदेशाने आयपॅमचं अनुदान सुटलं, पण इतक्या मोठ्या संस्थेचीही कशी तारांबळ उडू शकते ते दिसलं. आपल्या तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीचा अर्ज तू नोव्हेंबरातच भरलास ते छान केलंस. तिथे दोन महिने एखाद्या चांगल्या माणसाबरोबर काम मिळालं तर ते काही कमी नाही.

रविवारी सकाळी नवा मसुदा घेऊन ये. संगणकावरचा नको, छापलेला आण, मला रेघा माराव्या लागतील. ती काट्यावरची वहीही आण. एका पानावर उसाचा रस सांडून वेळा पुसल्या गेल्या होत्या, त्या रात्रीचे आकडे तू नंतर कुठून घेतलेस ते मला विचारायचंय. आणि गुऱ्हाळ सुरू झालं असेल तर काकवीची बाटली विसरू नकोस.

तुझा,
सर