समुद्रातले मासे मोजतात कसे? तो आकडा अंदाजपंचेच असतो ना?

अंदाजपंचे नाही, पण शिरगणतीही नाही. सर्वेक्षणाच्या जहाजावर काही हंगाम काढलेत, त्यावरून सांगतो.

जहाज ठरलेल्या समांतर रेषांवरून फिरतं. बुडाशी बसवलेला इको साउंडर खाली आवाज सोडतो, बहुधा ३८ किलोहर्ट्झचा. प्रतिध्वनी किती वेळाने परतला त्यावरून खोली कळते, किती जोरकस आहे त्यावरून मासे किती ते. हा प्रतिध्वनी मुख्यतः येतो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. हेरिंगला ती असते, अटलांटिक मॅकरेलला नसते. त्यामुळे मॅकरेलचा भलामोठा थवाही पडद्यावर फिकाच दिसतो. हंगामाआधी ३८.१ मिलिमीटरचा टंगस्टन कार्बाइडचा गोळा दोऱ्यांनी जहाजाखाली लोंबकळत ठेवून यंत्र जुळवून घेतात. त्या गोळ्याचा प्रतिध्वनी आधीच माहीत असतो. त्याला नेमका आवाजाच्या झोताच्या मधोमध आणताना अर्धा दिवस सहज जातो.

पडद्यावर लाल ढग उमटला, तरी मासा कुठला? ते यंत्र सांगत नाही. मग तिथेच ट्रॉल, म्हणजे जहाजामागे ओढायचं जाळं, टाकायचं. जाळं वर आलं की जाती निवडायच्या, लांबी मोजायची (एका माशाचा प्रतिध्वनी किती, हे लांबीवर ठरतं), डोकं चिरून कानातला खडा काढायचा. तो कापला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, त्यावरून वय. गारठलेल्या बोटांतून हा खडा हमखास निसटतो.

समुद्रतळावरून ओढायच्या ट्रॉलचा हिशेब निराळा: जाळ्याच्या तोंडाची रुंदी गुणिले ओढलेलं अंतर, म्हणजे झाडून काढलेलं क्षेत्र. तेवढ्यात किती मासे सापडले, त्यावरून बाकीच्या भागाचा अंदाज. अलास्काजवळच्या पूर्व बेरिंग समुद्रातला पोलॉक मासा मोजायला दोन्ही पद्धती लागतात. तळाला चिकटलेला मासा साउंडरला तळापासून वेगळा दिसत नाही, आणि वर तरंगणारा तळाच्या जाळ्याच्या वरून निघून जातो.

शिवाय काही मासे जाळं चुकवतात, तर काही त्याच्या दोरखंडांना बिचकून उलट आतच ढकलले जातात. त्यामुळे एका वर्षाच्या टनांच्या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही, वर्षावर्षातला फरक बघतो. तो फरक माशांमुळेच पडला असं म्हणायचं, तर पद्धत तसूभरही बदलून चालत नाही. जाळं फाटलं तर शिवताना नवशिके हटकून म्हणतात, 'इथे जरा मजबूत करून घेऊ का?' नाही. होतं तसंच शिवायचं.